पाण्याचा सांगावा

बातमीचा मथळा 'जाणून घ्या' असा संपला की आजही माझं डोकं सटकतं. हातातला फोन भिरकावून द्यावासा वाटतो. अरे बाबा, जाणून घ्यायचंय म्हणूनच आलो ना तुझ्या दारात? मग सांग की! दारात बोलावून, खांद्यावर हात टाकून, मग आत यायचे पैसे कामून मागतो? असं मनातल्या मनात कडाकडा भांडून झालं की मला अण्णा आठवतात. खरं तर हे भांडण माझं नाहीच. अण्णांचं आहे. मी नुसतं पुढं चालवते.

अण्णा आमच्या पेपरात मुख्य उपसंपादक होते. बातमीदारांनी आणलेल्या बातम्या कापायच्या, शिवायच्या आणि त्यांना मथळे द्यायचे, हे काम. पण अण्णांच्या लेखी जगात मथळा सोडून दुसरं काही नव्हतं. बातमी म्हणजे मथळा कळला नाही त्यांच्यासाठी केलेली सोय, असं ते म्हणायचे. आणि मथळा चार शब्दांचा. पाचवा शब्द आला की ते उजव्या हाताची बोटं समोर धरायचे आणि अंगठा मुडपायचे. "चार. अंगठा पेन धरायला आहे."

मी गंगापूरहून नुकतीच शहरात आले होते. पहिल्या आठवड्यात ऊस परिषदेच्या बातमीला मथळा दिला. चांगला दोन ओळींचा, अध्यक्षांच्या नावासकट, मागण्यांसकट. अण्णांनी कागद उचलला, मोठ्यानं वाचायला लागले आणि वाचता वाचता चालायला लागले. माझ्या टेबलापासून निघाले ते खिडकीपर्यंत गेले, तिथून वळून पाण्याच्या माठापर्यंत आले, तरी मथळा चालूच. अख्खं ऑफिस बघतंय. शेवटी थांबून म्हणाले, "ए गंगापूर, मथळा लिहिलास की वरात काढलीस?"

त्या दिवसापासून मी गंगापूर. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. घेतलंच नाही म्हणजे माहीत तरी होतं की नाही, याची मला शंका आहे. माझ्या लग्नाच्या पत्रिकेवर नाव वाचून म्हणाले, "ही कोण?"

माणूस तिरसट. कौतुक तर नाहीच. मथळा जमला तर ते काही बोलायचे नाहीत, खिशातल्या डबीतली बडीशेप पुढं करायचे. आमच्यात बडीशेप मिळणं म्हणजे मोठी गोष्ट होती. मला पहिल्या वर्षात एकदाही मिळाली नाही, आणि शेजारच्या टेबलावरचा परभणीचा पोरगा रोज तोबरा भरून बसायचा. मला असा राग यायचा की काय सांगू!

बोलणंही मथळ्यात. फोन उचलून हॅलो नाही, काही नाही. नात झाल्याचा फोन आला तेव्हा मी शेजारी होते. बायकोचं सगळं ऐकून घेतलं, म्हणाले, "दोघी बऱ्या? बरं. येतो." कुणाच्या लग्नाहून आले की विचारायची सोय नव्हती. "जेवण बरं. नवरदेव ठोंब्या." उस्मानपुऱ्यात त्यांचं घर होतं, खाली दुकान आणि वर ते. दारावर पाटी काय, तर 'बेल बंद. हाक मारा.' बेल वर्षानुवर्षं बंदच. दुरुस्त का करत नाही विचारलं तर म्हणायचे, पाटी चांगली जमलीय, आता कशाला?

आणि एक सांगायलाच पाहिजे, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. अण्णांना फुकटे वाचक अजिबात खपायचे नाहीत. एसटीत शेजारच्यानं त्यांच्या पेपरात डोकं घातलं की ते पान मिटायचे आणि पेपरावर बसायचे. खुलताबादपर्यंत बसायचे! त्यांच्या घरासमोर एक सलून होतं. तिथं पेपर यायचा एक आणि वाचायची अख्खी गल्ली. अण्णा दाढीला गेले की लोकांच्या हातातून पानं ओढून घ्यायचे. "विकत घे. चहा फुकट पितो का? मग हे कामून फुकट?" सलूनवाला हात जोडायचा, "अण्णा, गिऱ्हाईक पळायलंय माझं." अण्णा म्हणायचे, "पळू दे. माझंबी पळायलंय."

त्यांचं म्हणणं साधं होतं. बातमीला घाम लागतो. कुणीतरी उन्हात जातं, कुणीतरी रात्री जागतं, छापतं. मग मोबदला द्या. यात चूक काय? काहीच नाही. मलाही तेच वाटतं, आजही.

म्हणून मालकांनी पुण्याहून एक साहेब आणले आणि आता आपली वेबसाइट पैसे भरणाऱ्या सभासदांनाच वाचता येईल असं जाहीर झालं, तेव्हा बाकीचे आम्ही एकमेकांकडं बघत होतो आणि अण्णा एकटे टाळ्या वाजवत होते. खरंच वाजवत होते! साहेब पडद्यावर दाखवत होते: मथळा सगळ्यांना दिसणार, त्यावर बोट ठेवलं की कुलपाचं चित्र येणार, खाली लिहिलेलं असणार, 'पुढे वाचण्यासाठी सभासद व्हा'. अण्णा म्हणाले, "बेस्ट. लई आधी पाहिजे होतं." आम्हा कामाच्या माणसांना वाचन फुकट होतं, तरी त्याच दुपारी त्यांनी स्वतःचे पैसे भरले. पहिले सभासद तेच. साहेब तर एकदम खूश. त्यांना वाटलं, म्हातारा आपल्या बाजूचा आहे.

मग अण्णांनी हात वर केला. "फक्त पाण्याचं पान उघडं ठेवा."

आता हे पाण्याचं पान काय ते सांगते. ते लागोपाठच्या दुष्काळाचे दिवस होते. तेव्हा शहराच्या पाटीवर औरंगाबाद होतं आणि शहर चहूबाजूंनी सुटलं होतं. जालना रोडला काचेच्या इमारती, शहराला लागूनच्या सातारा परिसराकडं प्लॉटच प्लॉट, आणि नळ? नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, तेही कधी पहाटे, कधी भर दुपारी. आमच्या साताऱ्याच्या गल्लीत तर पाइपलाइनच नव्हती. टँकर. टँकरचा दिवस ठरलेला नाही. धरणातून किती उचललं, कुठली टाकी भरली, वीज गेली का, यावर सगळं. सकाळी छापलेलं दुपारी खोटं ठरायचं. म्हणून अण्णांनी वेबसाइटवर एक पान सुरू केलं होतं, 'पाणी कधी'. रोज दुपारी ते स्वतः फोन घेऊन बसायचे. व्हॉल्व्ह फिरवणारे लाइनमन, टँकर भरणारे, सगळ्यांना एकेक करून विचारायचे. "गारखेडा? उद्या? किती वाजता? नक्की?" ठक्क, फोन बंद. एका टँकरवाल्यानं एकदा त्यांना लाडानं म्हटलं, अण्णा, तुमच्या घरी एक गाडी पाठवतो. अण्णांनी त्याला अशा शिव्या घातल्या की फोन ठेवूनही घालतच होते.

अख्खं शहर ते पान बघायचं. भांडीवाल्या बाया, कंपनीतली पोरं, कॉलेजातले मास्तर, सगळे.

तर साहेब हसले. गोड हसले. म्हणाले, "अण्णा, सगळ्यांत जास्त तेच वाचलं जातं. मग तेच तर लॉक करायला हवं ना?"

हे वाक्य मी विसरणार नाही. लोकांना सगळ्यांत जास्त ज्याची गरज, त्यालाच पहिलं कुलूप! आणि हे सांगताना त्या माणसाच्या चेहऱ्यावर जराशी लाज असावी? छे. उलट आपण काहीतरी लई हुशारीचं बोललो असा भाव.

अण्णा उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं मी त्यांना इतकं सलग बोलताना ऐकलं. म्हणाले, "साहेब, मी खुलताबादचा. आमच्याकडं मयत झाली की एक माणूस सोयऱ्यांच्या गावोगाव जायचा, सांगावा घेऊन. सायकलवर, उन्हातान्हात. दारात उभा राहायचा, सांगायचा, निघायचा. उंबऱ्याच्या आत यायचा नाही. बसायचा नाही. घोटभर पाणी घ्यायचा नाही त्या घरचं. पैसे तर लांबच. बातमी विका, जरूर विका, मी विकत घेतो. पण हा सांगावा आहे. नळाला पाणी कधी येणार हे सांगणं म्हणजे सांगावा. त्याचे पैसे घेत नसतात."

आमच्या गंगापुरातही असंच होतं. माझ्या डोळ्यांपुढं आमच्या ओसरीसमोर सायकल टेकवून उभा राहिलेला माणूस आला, घामानं निथळणारा, आणि तांब्या घेऊन पुढं झालेली आई, आणि मान हलवून निघून जाणारा तो. मला वाटलं, आता साहेब काहीतरी बोलतील. साहेबांनी घड्याळ बघितलं. म्हणाले, "छान आठवण आहे. यावर लेख लिहा, अण्णा. सभासदांसाठी."

सभासदांसाठी! माझ्या अंगाची नुसती लाही झाली. अण्णा खाली बसले, डबी उघडली, बंद केली.

कुलूप लागलं. त्याच आठवड्यात मी गंगापूरला माहेरी गेले होते. परत आले तर आमच्या गल्लीत शहनाजभाभी ओट्यावर बसलेली, पुढं रिकामे ड्रम. भाभी वाळूजला कंपनीत पॅकिंगला जायची. घरात करणारी एकटी. टँकर आपण नसताना आला तर ड्रम तसेच राहणार, म्हणून ती अण्णांचं पान बघून सुट्टी टाकायची. आता पान दिसेना. तिनं अंदाजानं बुधवारची सुट्टी घेतली. टँकर मंगळवारीच येऊन गेला. सुपरवायझरनं सांगितलं होतं, आता एक जरी सुट्टी झाली तर कामावर यायचंच नाही.

मला म्हणाली, "ताई, तुमारा पेपर मैं पैसे देके लेती ना? उसको ना नहीं बोली कब्बी. पर पानी का टाइम बताने के पैसे? ये तो अजान के पैसे लेने जैसा हुआ."

मी तशीच्या तशी ऑफिसला गेले. बॅगही टाकली नाही. अण्णांसमोर उभी राहिले आणि भाभीचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. संतापानं माझा आवाज फाटत होता. अण्णा ऐकत राहिले. मग त्यांनी डबी पुढं केली. पहिल्यांदा. माझ्या मथळ्यासाठी नाही, भाभीच्या वाक्यासाठी. मी बडीशेप घेतली आणि आणखी चिडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णांनी फोन केले, माहिती घेतली आणि बातमी टाकली. मी पडद्यावर बघितलं आणि खुर्चीतून उठलेच. मथळा असा: 'उस्मानपुरा उद्या पहाटे पाच, गारखेडा उद्या नाही परवा सकाळी, मुकुंदवाडी आज संध्याकाळी सहा, सातारा परिसर टँकर सकाळी दहा, सिडकोत कमी दाबानं, भांडी आधी भरा, कपडे नंतर', आणि पुढं असाच, सगळे भाग, सगळ्या वेळा, मोबाइलचा अख्खा पडदा भरून. मथळ्याला कुलूप नव्हतं ना! मथळा सगळ्यांना दिसतो हे साहेबांनीच दाखवलं होतं. आणि पैसे भरून आत गेलं तर तिथं एकच ओळ: 'वर सांगितलंच आहे.'

चार शब्दांवर जन्म काढलेला माणूस! परभणीचा पोरगा खो खो हसायला लागला. मला हसू येईना. मी अण्णांच्या तोंडाकडं बघितलं. ते स्वतःचा मथळा वाचत होते आणि कडू औषध घेतल्यासारखं तोंड झालं होतं त्यांचं. "भिकार," म्हणाले. "वरात. पण असू दे."

रोज दुपारी वरात निघायला लागली. लोक खूश. पण एक दिवस सिडकोतले एक रिटायर्ड गृहस्थ तणतणत ऑफिसात आले. सभासद होते. पैसे भरले होते. "मी आत जातो आणि आत लिहिलंय 'वर सांगितलंच आहे'? ही फसवणूक आहे! मी कशाचे पैसे भरले?"

अण्णा शांतपणे म्हणाले, "बाकीच्या बातम्यांचे."

"आणि पाण्याचे?"

"ते कुणीच भरायचे नाहीत."

गृहस्थांनी खुर्ची ओढली. मग म्हणाले, "आमच्या एन-सहा सेक्टरला उद्या किती वाजता?"

"सहा. पहाटे."

"बरं," म्हणाले आणि चहा घेऊन गेले. त्यांचा राग एका पेल्यात उतरला. साहेबांचा नाही उतरला. साहेबांना ती तक्रार म्हणजे आयतंच कोलीत मिळालं. त्यांनी पुण्याच्या लोकांकरवी वेबसाइटमध्ये अशी व्यवस्था केली की मथळा ठरावीक अक्षरांच्या पुढं जाणारच नाही. टाइप करत राहिलं तरी अक्षर उमटायचं नाही. साहेबांनी स्वतः येऊन अण्णांना सांगितलं, "आता मथळ्याला मर्यादा आहे, अण्णा."

अण्णांनी चष्म्यावरून बघितलं. "मर्यादा? मला?"

मी शपथेवर सांगते, ते हसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. साहेबांना बिचाऱ्यांना कल्पनाच नव्हती की आपण कुणाला काय सांगतोय. पाण्यात राहणाऱ्या माशाला पोहण्याची सक्ती केली त्यांनी. त्या दुपारी अण्णांनी बाही सरसावली आणि एकेक बातमी टाकायला घेतली. एका भागाला एक बातमी.

'उस्मानपुरा: शनिवारी पहाटे पाचला.'

'गारखेडा: आज नाही, उद्या.'

'मुकुंदवाडी: संध्याकाळी सहा, नक्की.'

'सातारा: टँकर सकाळी दहाला.'

चार शब्द. प्रत्येकाला चार. अंगठा पेन धरायला. सगळ्यांच्या आत तीच ओळ, वर सांगितलंच आहे. वेबसाइट उघडली की वरपासून खालपर्यंत नुसतं पाणी. क्रिकेट खाली गेलं, सिनेमा खाली गेला, मालकांच्या एका पुढारी मित्राचं भाषण तर इतकं खाली गेलं की त्याला स्वतःलाही सापडलं नाही. आणि देखणे मथळे हो! एक शब्द हलवायला जागा नाही. मी एकेक वाचत होते आणि मला रडू फुटत होतं, इतकं सुंदर काम आणि ते असं चोरून करावं लागतंय म्हणून. कुणाचं चोरून? आपल्याच पेपरातून, आपल्याच लोकांसाठी!

पुढाऱ्याचा मालकांना फोन आला. मालकांचा साहेबांना. संध्याकाळी अण्णांना केबिनमध्ये बोलावलं आणि विश्रांती घ्यायला सांगितलं. विश्रांती. असा शब्द वापरतात. अण्णा बाहेर आले, टेबलावरचा चष्मा खिशात टाकला, डबी घेतली. आम्ही सगळे उभे. कुणी काही विचारायच्या आत म्हणाले, "काढलं. जातो. कामं करा." आणि जिना उतरून गेले. तीसेक वर्षं काम केलेल्या माणसाला निरोपाचा नारळ नाही की हार नाही. मालक केबिनबाहेरसुद्धा आले नाहीत. मी त्या रात्री घरी जेवले नाही, भांडी आपटत राहिले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी पाण्याचं पान माझ्याकडं दिलं आणि शिकवायला बसले. मथळा कसा असावा? 'उद्या तुमच्या भागात पाणी येणार का? जाणून घ्या'. मी म्हटलं, "साहेब, हे विचारायलाच तर लोक आपल्याकडं येतात. आपणच त्यांना उलट विचारायचं?" साहेब म्हणाले, "उत्सुकता निर्माण करायची." उत्सुकता! घरात हंडा पालथा पडलाय, लेकरू शाळेत जायचं थांबलंय, आणि यांना उत्सुकता निर्माण करायचीय! अण्णांनी आयुष्यात मथळ्यात प्रश्नचिन्ह येऊ दिलं नाही. त्यांच्या मते मथळ्याचं काम सांगणं. आणि आता साहेब मला झाकायला शिकवत होते.

मी दुपारी फोन केले, चार-चार शब्दांत सगळं टाकलं. साहेबांनी काढलं. मी परत टाकलं. त्यांनी परत काढलं. असं काही दिवस चाललं. मला काढायचं धाडस त्यांना होईना, कारण लगेच दुसरं माणूसही मिळण्यासारखं नव्हतं. शेवटी एका दुपारी मीटिंग झाली. साहेब म्हणाले, पाण्याच्या पानामुळं एकही नवा सभासद झाला नाही. लोकांना फुकटची सवय लागली आहे. तेव्हा हे पान आजपासून बंद.

कुलपात नाही. बंद. म्हणजे विकलं जात नसेल तर फुकटही कुणाला मिळू द्यायचं नाही. उन्हाळा अजून अर्धा शिल्लक होता.

मी पर्स उचलली आणि निघाले. उस्मानपुऱ्यापर्यंत चालतच गेले, रिक्षासुद्धा केली नाही, इतकी पेटले होते. ऊन मी म्हणत होतं. अण्णांच्या घरासमोर सलूनमध्ये दोघं-तिघं पेपर वाचत बसले होते. वर पाटी होती, 'बेल बंद. हाक मारा.'

मी खालूनच ओरडले, "अण्णा!"

दार उघडलं. मी जिना चढून गेले. अण्णा बनियनवर, दाढी वाढलेली. मागून काकू आल्या, माझा लालबुंद चेहरा बघितला आणि आल्या पावली आत जाऊन तांब्या-भांडं घेऊन आल्या. त्या दिवसांत कुणाच्या घरी पाणी मागायची सुद्धा लाज वाटायची, आणि काकूंनी न मागता आणलं. माझ्या घशाला कोरड पडली होती. जीभ टाळूला चिकटली होती.

"आत ये ना ग," काकू म्हणाल्या. "उन्हातून आलीस. पाणी घे आधी."

मी उंबऱ्याबाहेरच उभी राहिले. मान हलवली.

"कामून?" अण्णा म्हणाले.

मी पाय आत टाकला नाही. मग त्यांनी माझ्या पायांकडं बघितलं, उंबऱ्याकडं बघितलं, काकूंच्या हातातल्या तांब्याकडं बघितलं. त्यांचा चेहरा उतरला.

"कोण गेलं?"

"पान गेलं, अण्णा."

"कधी?"

"आज. दुपारच्या मीटिंगमध्ये. बंद केलं."

अण्णांनी चौकटीला हात टेकला. काकूंना काही कळेना, त्या एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघायला लागल्या. मला वाटलं अण्णा आता साहेबाला शिव्या घालतील. मला ते हवं होतं. मी चालत आले होते ते त्याचसाठी. मला कुणाच्या तरी तोंडून त्या माणसाचा उद्धार ऐकायचा होता.

"फोन केले होतेस?" ते म्हणाले.

"काय?"

"लाइनमनला. आज. फोन केले होतेस का?"

"केले होते. मीटिंगच्या आधीच केले होते."

"उस्मानपुरा?"

"उद्या पहाटे पाचला."

"नक्की?"

"नक्की."

अण्णा माझ्या बाजूनं बाहेर आले, गॅलरीच्या कठड्याला धरून उभे राहिले. बनियनवरच. आणि ज्या गळ्यातून मी आजवर शिवीपलीकडं मोठा आवाज ऐकला नव्हता, त्यातून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले:

"पाणी! उद्या पहाटे पाचला!"

सलूनमधली डोकी वर झाली. सलूनवाला हातात वस्तरा घेऊन बाहेर आला. त्याच्या तोंडावर साबणाचा थेंब होता आणि डोळ्यांत खट्याळपणा. "अण्णा! आज फुकट सांगायलात का?"

"पुढं सांग!" अण्णा ओरडले.

त्यानं वस्तरा मिटला. मग वळला आणि कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला हाळी दिली. किराणावाल्यानं पलीकडच्या गल्लीतल्या बाईला. एकेका गॅलरीत माणसं यायला लागली. कुणीतरी पाच की साडेपाच असं विचारलं आणि अण्णा खेकसले, "पाच! पाच म्हटलं ना!"

ते परत माझ्याकडं वळले. धाप लागली होती. खिशाकडं हात गेला, पण अंगात बनियनच होतं, डबी आत राहिली होती. काकू अजून तांब्या धरून उभ्या होत्या.

"सांगून झालं. आता घे पाणी," अण्णा म्हणाले.

"नाही अण्णा. साताऱ्याला जायचंय अजून. भाभी शिफ्टवरून आता सुटेल. टँकर उद्या सकाळी दहाला आहे, तिला सकाळऐवजी दुपारची पाळी मागून घ्यावी लागेल."

त्यांनी मान हलवली. मी जिना उतरायला लागले.

"सावकाश जा," वरून अण्णांचा आवाज आला, आणि मग त्यांनी माझं नाव घेतलं.